सासरेबुवांची खुर्ची आणि उडालेलं थिनर

जे ओलं आहे ते वाळतंच, फक्त माणसाचा निश्चय पक्का हवा, असं माझं ठाम मत होतं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत ते टिकलं.

सहाला मेहुणे येणार होते, सासरेबुवांची लाकडी खुर्ची बघायला. ती आमच्याकडे असते. "नीट ठेवता येत नसेल तर मी घेऊन जातो," असं त्यांनी फोनवर बायकोला सुनावलं होतं. तेव्हापासून ती येता-जाता खुर्चीवरून नुसता हात फिरवायची. शेवटी मी जाहीर केलं, "सहाच्या आत खुर्चीचा आरसा करतो."

"वाळेल का?" ती म्हणाली. तिने हयातभर रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे शंका काढायची सवय.

"निश्चय लागतो."

व्हार्निश घट्ट आहे, थिनर घालून पातळ करा, तासाभरात वाळेल, असं दुकानदाराने बजावलं होतं. मी थिनर एका पसरट थाळीत ओतलं, वास जावा म्हणून पंखा पूर्ण सोडला, शेजारी प्यायच्या पाण्याचा पेला ठेवला आणि मोठ्या कामाआधी घ्यावी तशी डुलकी घेतली.

उठलो तर थाळी ठणठणीत कोरडी. पेल्यातलं पाणी जसंच्या तसं.

"थिनर कोणी घेतलं?"

"कोण घेणार?" आतून आवाज आला.

"पाण्याला हात न लावता थिनर नेतो म्हणजे चोर साधा नाही." शेजाऱ्याकडेही चौकशी केली. त्याने आधी माझं तोंड हुंगलं.

पण माघार घेईन तो मी कसला. थिनर पातळ, खायचं तेलही पातळ. व्हार्निशमध्ये बाटली उपडी केली आणि खुर्ची अशी चकाकवली की तिच्यात माझ्या मिशा दिसायला लागल्या.

पाच वाजता बोट लावून पाहिलं. ते परत मिळवायला जोर करावा लागला.

बायकोने वास घेऊन कपाळाला हात लावला. "अहो, थिनर उडून गेलं. त्याचे कण एकमेकांना सैल धरतात, जरा वारा लागला की निघाले. त्यात थाळी पसरट, वर पंखा. पाण्याचे जास्त घट्ट धरतात, शिवाय पेल्याचं तोंड लहान. आणि तेलाचे..."

"तेलाचे?"

"दादासारखे. धरलं की सोडत नाहीत. महिनाभर वाळायची नाही ही." तिने घड्याळाकडे पाहिलं. "नेणार आता तो."

बेल वाजली. मेहुणे चपला काढून थेट खुर्चीकडे निघाले, बसायच्या बेतानेच. विचार करायला वेळ नव्हता. मी आधी बसलो.

"उठा जावईबापू, बघू दे जरा."

"नाही उठणार."

"अहो, बाबांची खुर्ची आहे ती."

"म्हणूनच. माफ करा दादा, पण या खुर्चीतून मी उठूच शकत नाही." इतकं खरं वाक्य मी आयुष्यात बोललो नव्हतो.

चहा झाला, जेवण झालं, मी जागचा हललो नाही. मेहुणे माझ्याकडे बघत राहिले. निघताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बाबाही असेच. एकदा बसले की कुणासाठी उठायचे नाहीत. राहू दे तुमच्याकडेच."

दार लागलं. बायको माझ्यासमोर येऊन उभी राहिली, डोळे भरलेले. "आज तुम्ही जे मागाल ते देते. बोला."

"दुसरा पायजमा आण," मी म्हणालो, "आणि कात्री."