दाजीबा साळिंदराची सुरक्षित डिस्क

एका जंगलात, मुलांनो, झाडून सगळे प्राणी संगणक चालवायला लिनक्स नावाची एकच प्रणाली वापरत. ती त्यांनीच फावल्या वेळात तयार केली होती आणि फुकट होती. त्यामुळे तिच्यावरून भांडायचा हक्क सगळ्यांना होता.

त्या वर्षी भांडण फाइलसिस्टिमवरून झालं. फाइलसिस्टिम म्हणजे कुठली वस्तू कुठल्या बिळात ठेवायची, याची पद्धत. जुनी पद्धत बरी चालली होती. म्हणूनच ती बदलावी, असं लिनक्स सांभाळणाऱ्या मंडळाला वाटलं. सहा महिने वाद झाला. दोन अस्वलं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

शेवटी मंडळाचे चिटणीस पुंडलिक मुंगूस यांनी जाहीर केलं, ‘यापुढे नवी पद्धत. ती तासातासाला नोंद ठेवते, हवं तेव्हा मागे जाता येतं. आता काहीही हरवणार नाही.’ खाली बारीक अक्षरांत होतं, ‘फक्त नव्याने बसवणाऱ्यांसाठी. जुन्यांनी काही करू नये.’

दाजीबा साळिंदरांनी वरचं तेवढं वाचलं. त्यांच्या डिस्कवर सगुणाबाईंच्या आवाजाच्या चौदा फिती होत्या. बाई जाऊन दोन वर्षं झाली होती. फितींत त्या गात वगैरे नव्हत्या. बहुतेक ठिकाणी, ‘अहो, अंथरुणात काटे गाळू नका,’ असं म्हणत होत्या.

काहीही हरवणार नाही म्हटल्यावर त्या फिती जुन्या पद्धतीत ठेवणं दाजीबांना बरं वाटेना. त्यांनी सगळं नव्याने बसवायला घेतलं. ‘डिस्क पुसून नवी पद्धत,’ असं पडद्यावर आलं. पुढे ‘सुचवलेले’ असं लिहिलं होतं. सुचवणारे शहाणेच असणार. दाजीबांनी ‘पुढे’ दाबलं.

फिती सापडत नाहीत, ही तक्रार ऐकून दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव येऊन बसले.

“बॅकअप होता ना, दाजीबा?”

“होता तर. दोन होते.”

“कुठे?”

“त्याच डिस्कवर, शेजारी शेजारी. तिला एकटं राहणं आवडत नसे.”

पुंडलिकरावांनी डिस्क तपासली. “पद्धत उत्तम चालली आहे. एक चूक नाही.”

“मागे जाता येतं म्हणालात.”

“येतं की. काल दुपारी सव्वाचारपर्यंत.”

“तेव्हा काय होतं?”

“काही नव्हतं. पण ते जसंच्या तसं जपलं आहे.”

“आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी जुनी पद्धत होती, दाजीबा.”

“बरं,” दाजीबा म्हणाले आणि त्यांनी चहा टाकला.

मंडळाच्या वहीत नोंद झाली: तक्रार निकाली. काहीही हरवलेले नाही.

तात्पर्य: सुधारणा सर्वांच्या भल्यासाठीच असते. फक्त ती येण्याआधी आपल्याजवळ काही असू नये.