सिमेंट वाळेपर्यंत

"स्वतः बसून बघितल्याशिवाय कळायचं नाही," असं म्हणत आर्किटेक्टसाहेबांनी रविवारी सकाळी भाड्याने आणलेल्या व्हीलचेअरवर बूड टेकलं. त्यांनी काढलेले वृद्धाश्रमाचे नकाशे परत आले होते. वर लाल शाईत शेरा होता, 'तुमच्यापैकी कोणी कधी चाकाच्या खुर्चीत बसलंय का?' शेरा फार झोंबला होता. आता संध्याकाळपर्यंत उठायचं नाही, अडेल तिथे टेपने मोजायचं आणि वहीत टिपायचं, असा त्यांनी पणच केला.

दहाव्या मिनिटाला न्हाणीघराच्या दारात खुर्ची अडकली. दाराची रुंदी त्यांनीच ठरवली होती.

"अहो, उठा की!" बायको म्हणाली.

"उठलो तर संशोधन कसलं?"

शेवटी बायकोने मागून ओढलं. खुर्ची आली, चौकटीचा रंगही आला.

मग ते लिफ्टने खाली उतरले आणि फाटकाकडच्या चार पायऱ्यांपाशी थांबून उंची मोजू लागले. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या. पिशवी हातातून गळाली.

"अगंबाई! परवापर्यंत तर पळत होता हो!"

"काकू, मी ठणठणीत आहे. हे संशोधन आहे."

काकूंनी बायकोला बाजूला घेतलं. "डोक्यावरही परिणाम झालाय का गं?"

दुपारपर्यंत अख्खी इमारत खाली लोटली. कोणी सूप आणलं, कोणी मालिशवाल्याचा पत्ता. साहेब जितकं समजावत, तितक्या माना हळहळून हलत. पार्किंगवरून वर्षभर अबोला धरलेले सोसायटीचे अध्यक्षही डोळे पुसत आले.

"काही काळजी करू नका. या पायऱ्यांवर आजच उतार बांधून घेतो. गवंडी निघालाय!"

साहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते दाखवायला ते उठणार, तोच शेजारून कोणीतरी मनगट घट्ट धरलं. तळमजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका होत्या; सगळे त्यांना बाईच म्हणत. त्या स्वतःच्या व्हीलचेअरवर बसल्या होत्या.

"बस खाली," त्या कुजबुजल्या.

"पण बाई, ही फसवणूक..."

"चार वर्षं या उतारासाठी अर्ज करतेय मी. दर सभेला म्हणतात, एका माणसासाठी कशाला? आता दोघं झालोय आपण. सिमेंट वाळायच्या आत उठलास तर याद राख!"

"किती दिवस लागतील?"

"आर्किटेक्ट तू आहेस का मी?"

"सात," साहेब हळूच म्हणाले आणि निमूटपणे ऑफिसला रजा कळवायला त्यांनी फोन काढला.