टिटवीमुळे झालेला अपघात

एका जंगलात, म्हणजे आपल्या नव्हे बरं का, आपल्या जंगलात असलं काही होत नाही, एक जुना डाकबंगला होता. कधीकाळी तिथे शिकारी येऊन राहायचे. शिकारी गेले, बंगला राहिला, आणि बंगल्यात वटवाघळं राहिली.

जंगलाच्या पंचायतीने ठरवलं, हा बंगला पाडायचा आणि तिथे 'प्राणी भवन' बांधायचं. आता प्राण्यांना भवन कशाला लागतं, असं विचारू नका. अध्यक्षांना लागतं. अध्यक्ष होते अस्वलराव. अंगाने भरदार, आवाजाने त्याहून भरदार. दुपारी जेवण झालं की ते झोपायचे, आणि मग जंगलात कोणी शिंकलेलंही त्यांना चालत नसे.

पाडकामाचा ठेका मिळाला तरसाप्पाला. तरस हा हसतमुख प्राणी. त्याला काहीही सांगा, तो आधी हसतो. काम नंतर करतो, किंवा करतही नाही.

तरसाप्पाने राडारोडा उचलायला एक लोडर आणला. बुटका, चौकोनी, जागच्या जागी गर्रकन फिरणारा. पुढे मोठी बकेट. चालवणारा मधल्या पिंजऱ्यात बसतो. पुढचं दिसतं झकास. मागचं मात्र जवळजवळ काहीच दिसत नाही. हे नीट ध्यानात ठेवा, मी पुन्हा सांगणार नाही.

लोडर चालवायला नेमला मुसंडे नावाचा रानडुक्कर. कष्टाळू बिचारा, मनाने सरळ. पण रानडुकराची मान वळत नाही, बाळांनो. त्याला मागे बघायचं तर अख्खं अंग फिरवावं लागतं, आणि पिंजऱ्यात अंग फिरवायला जागा कुठे? म्हणजे ज्या यंत्रातून मागचं दिसत नाही, त्यावर मागे बघताच न येणारा ड्रायव्हर. निवड करावी तर अशी!

"अहो, आपल्याला काम पुढे न्यायचंय," तरसाप्पा म्हणाला. "मागे बघून काय करायचंय?" आणि हसला.

त्या लोडरात बसलं की एक दांडा मांडीवर ओढून घ्यायचा असतो. दांडा खाली आला नाही तर बकेट हलतच नाही. यंत्र तसं शहाणं. पण मुसंडेच्या पोटावरून दांडा खाली येईना. त्याने पोट आत घेतलं, श्वास कोंडला, डोळे पांढरे केले. दांडा जागचा हलेना.

"थांब," म्हणत तरसाप्पाने एक तार आणली. ती अशी काही जोडली की दांडा खाली आलाय असंच यंत्राला वाटावं. "यंत्राला काय कळतंय!"

लोडर मागे जाऊ लागला की एक भोंगा टूं टूं वाजायचा. त्याने अध्यक्षांची दुपारची झोप मोडली. मग भोंग्यात चिंधी कोंबली.

अर्धा बंगला पडला आणि काम थांबलं. उरलेल्या भिंती पाडायला चांगला मुहूर्त नव्हता. पहिल्या अर्ध्याला कुठला होता म्हणाल, तर ते कुणी विचारलंच नव्हतं.

काम थांबलेलं असताना तिथे आली टिटवी. नाव टिटाक्का. टिटवी काही घरटं बांधत नाही. खड्यांची मोकळी जागा दिसली की तिथेच खड्यांसारखी दिसणारी अंडी घालून मोकळी होते. टिटाक्काला तो राडारोडा फार आवडला. विटांचे तुकडे, चुन्याचे गोळे, वर मोकळं आभाळ. तिने अंडी घातली आणि ऐटीत बसली.

मग मुहूर्त निघाला. लोडर धडधडत आला.

टिटाक्का तरसाप्पाच्या अंगावरच धावून गेली. "अहो, माझी अंडी आहेत तिथे!"

"मग हलव की."

"हलव? अंडी म्हणजे काय बटाटे आहेत, इथून उचलून तिथे ठेवायला? ती उबेपर्यंत तिथेच राहणार. आणि मीही तिथेच राहणार. काय करायचं ते करा!"

तरसाप्पा हसला. पंचायतीचा नियम होता की लोडरच्या मागे लक्ष ठेवून इशारा द्यायला कुणीतरी हवं. ते कुणीतरी त्याने अजून नेमलेलं नव्हतं. "मग तूच दे इशारा," तो म्हणाला. "नाहीतरी तू ओरडतच असतेस."

झालं. टिटाक्का कामाला लागली. लोडर मागे येऊ लागला की ती बोंब ठोकायची, "टिटीव! टिटीव!" आणि मुसंडे गचकन थांबायचा.

"टिटाक्का, जीव खाल्लास माझा!" तो सुरुवातीला वैतागून ओरडायचा.

"तुझा जीव गेला खड्ड्यात! माझी पोरं आहेत मागे!"

पण हळूहळू त्याला सवय झाली. मग गोडी लागली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पाठीमागे काय आहे ते कुणीतरी त्याला सांगत होतं. दुपारी जेवायला उतरला की तो ढिगाच्या अलीकडे उभा राहून विचारायचा, "उबली का गं?"

"उबतील. तू आधी ते पोट कमी कर आणि दांडा लावून बस."

"बघतो," म्हणून तो आणखी एक कंद खायचा.

पण जंगलात कुजबुज सुरू झाली. टिटवी ओरडली की अपशकुन होतो म्हणे. शुभकार्याच्या जागी दिवसभर हे काय अभद्र ओरडणं? पंचायतीकडे तशी तक्रार गेली. तक्रार कोणी केली माहितेय? घुबडाने. हसू नका, खरंच त्याने केली.

तेवढ्यात आला सुरक्षा सप्ताह. सगळ्या जंगलांत पाळतात म्हणून इथेही पाळायचा. बंगल्यासमोर मांडव पडला. दोन सागांच्या मध्ये हा एवढा मोठा फलक लागला: 'सुरक्षितता सर्वात आधी'. पाहुण्यांना हेल्मेटं वाटली. सशाच्या कानांमुळे हेल्मेट डोक्यावर राहीना, म्हणून तो ते उलटं ठेवून त्यात बसला. एक हेल्मेट कमी पडलं, तेव्हा मुसंडेच्या डोक्यावरचं काढून पाहुण्याला दिलं.

कार्यक्रमात टिटाक्काचा सत्कार ठरला होता. 'उत्कृष्ट सुरक्षासेविका'. शाल आणि नारळ.

"मला नको तुमचा नारळ," टिटाक्का म्हणाली. "मी इथून हलणार नाही."

"अगं, आज काम बंद आहे," तरसाप्पा म्हणाला. "लोडर नुसता उभा राहणार, शोभेला. माझा शब्द आहे."

टिटाक्काने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आई होती ती, दिवसदिवस उन्हात बसून दमली होती, आणि खोटं कशाला बोलू, सत्कार कुणाला नको असतो? ती व्यासपीठावर जाऊन बसली. शाल तिच्यापेक्षा पाचपट मोठी. पांघरल्यावर नुसती चोच तेवढी बाहेर राहिली.

इकडे अध्यक्षांना कल्पना सुचली. आपण बकेटीत उभं राहायचं, बकेट वर चढवायची, आणि तिथून जमलेल्या प्राण्यांवर झेंडूची फुलं उधळायची. अशी पद्धतच आहे. माणूस वर चढला की मोठा दिसतो, मग अस्वल किती दिसेल!

अस्वलराव बकेटीत चढले. फुलांची टोपली घेतली. मुसंडेने बकेट वर उचलली, लोडर जरासा कण्हला. खाली टाळ्या पडल्या.

वानर फोटो काढत होता. तो ओरडला, "साहेब, फलकातली 'सुरक्षितता' कापली जातेय! लोडर थोडा मागे घ्या!"

"मुसंडे, मागे घे," वरून हुकूम आला.

मुसंडे घुटमळला. "साहेब, मागे टिटाक्का नाहीये."

"ती स्टेजवर आहे. सुरक्षेसाठीच सत्कार चाललाय तिचा. घे म्हणतो ना!"

आता सांगा, गरीब ड्रायव्हरने करावं काय? त्याने लोडर मागे घेतला. बकेट आभाळात, बकेटीत अस्वल, भोंग्यात चिंधी. मागे राडारोड्याचा ढीग, आणि त्या खड्यांत खड्यांसारखी पडलेली अंडी.

व्यासपीठावर तरसाप्पाचं भाषण चाललं होतं. टिटाक्काने शालीच्या काठातून पाहिलं. लोडर मागे सरकत होता.

"टिटीव! टिटीव! टिटीव!"

"शू! अपशकुन!" सगळे ओरडले. घुबड सगळ्यात जोरात ओरडलं.

पण मुसंडेच्या कानात तो आवाज शिरला होता. त्याने दुसरा कसलाही विचार केला नाही. टिटाक्का ओरडली की थांबायचं, एवढंच त्याला ठाऊक. तो गचकन थांबला.

एवढं वजन एवढ्या उंचीवर असताना लोडर गचकन थांबवत नसतात, बाळांनो. लोडरची पुढची चाकं उचलली गेली. मग तो धाडकन पुढे आपटला. मुसंडे दांडा न लावता बसला होता, त्याला दांड्याने नाही, पोटाने वाचवलं. तो खुर्ची आणि पिंजऱ्याच्या खांबांमध्ये घट्ट रुतून बसला. अस्वलराव मात्र टोपलीसकट उडाले, मांडवाचं कापड फाडून आत गेले आणि थेट झेंडूच्या राशीवर पडले. फारसं लागलं नाही. फुलं छान उधळली गेली.

टिटाक्का शालीसकट उडाली आणि ढिगाकडे धावली. लोडरचं मागचं चाक अंड्यांना चिकटून थांबलं होतं. एकालाही तडा गेला नव्हता. ती त्यांच्यावर बसली आणि ढसाढसा रडली. मुसंडेही रडला, पण त्याला तिच्याकडे बघता आलं नाही. मान वळत नव्हती ना.

मग चौकशी बसली.

"अपघात का झाला?" अस्वलरावांनी विचारलं. त्यांच्या कमरेला पाला बांधलेला होता.

मुसंडे उभा राहिला. आज खरं बोलायचं आणि टिटाक्काचं कौतुक सगळ्यांसमोर करायचं, असं त्याने ठरवलं होतं. "साहेब, ती ओरडली म्हणून मी थांबलो," तो म्हणाला.

"ऐकलंत?" तरसाप्पा म्हणाला. "ती ओरडली म्हणून तो थांबला. तो थांबला म्हणून साहेब पडले. ओरडलीच नसती तर?"

"पण मागे अंडी होती!" मुसंडे म्हणाला.

"तू पाहिलीस?"

मुसंडेने कुठून पाहिली असणार?

निकाल लागला. अपघाताला टिटवी जबाबदार. तिची शाल परत घेतली. नारळ तरसाप्पाने आधीच खाल्ला होता. जागेवर नवीन फलक लागला: 'कामाच्या वेळी टिटवीने ओरडू नये. हुकमावरून.' तार होती तिथेच राहिली. चिंधीही.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. टिटाक्का चोच मिटून अंड्यांवर बसली. मुसंडेने लोडर मागे न्यायची मूठ धरली आणि सोडली. मग तो पोट सावरत खाली उतरला. चालत लोडरच्या मागे गेला, ढीग हुंगला, टिटाक्काला म्हणाला, "आहेस ना गं?" आणि परत वर चढून लोडर हातभर मागे घेतला. मग पुन्हा उतरला.

"सारखं काय उतरतोस रे?" तरसाप्पा ओरडला. आज तो हसत नव्हता.

"साहेब, तिला ओरडायला मनाई आहे ना. मग मलाच बघायला हवं."

काम मुंगीच्या चालीने होऊ लागलं. इतकं चढउतार करून मुसंडेचं पोट मात्र आत गेलं, आणि एके सकाळी दांडा आपोआप मांडीवर येऊन बसला. त्याच सकाळी तो मागे जायला निघाला, तर मागून चार चिरक्या आवाजांनी एकदम बोंब ठोकली.

"टिटीव! टिटीव!"

तो गचकन थांबला. बकेट खाली होती, काही झालं नाही.

तरसाप्पा फलकाकडे धावला. फलकावर टिटवीला मनाई होती. पिल्लांचं नाव कुठेच नव्हतं. टिटाक्का चोच मिटून, नियम पाळत, ऐटीत उभी होती.

तात्पर्य: मागचं दिसत नसेल तर घाबरू नये. ओरडून सांगणाऱ्याला आधी गप्प करावं, म्हणजे मागे काही नाही अशी खात्री पटते. फक्त त्याला पोरंबाळं नाहीत ना, तेवढं आधी पाहून घ्यावं.