चाफ्याच्या चाळीस फांद्या

मागच्या व्हरांड्याचं दार उघडलं आणि शिट्टीबाईंना आधी वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच्याच घरात शिरलो. सकाळी बँकेत जाताना जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून ठेवलेल्या चाफ्याच्या चाळीस फांद्या आता भिंतीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. सगळ्यात उंच डावीकडे, सगळ्यात बुटकी उजवीकडे. प्रत्येक फांदी पुसून लख्ख केलेली. आणि एकीलाही चिठ्ठी नव्हती.

"वन्सं," बाई म्हणाल्या. आवाज अजून ताब्यात होता. "चिठ्ठ्या कुठायत?"

वन्सं म्हणजे यजमानांच्या थोरल्या बहीण. अकरा वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी राहायला आल्या होत्या. बोलणं कमी आणि हातात सदैव ओलं फडकं. त्यांनी पदराला हात पुसले आणि फळीवरून एक डबी काढून दिली. "टाकल्या नाहीत गं मी. त्या दोऱ्यांना चीक लागून मुंग्या झाल्या होत्या, म्हणून सोडवल्या. सगळ्या मोजून ठेवल्यात, चाळीस आहेत."

चाळीस होत्या, हे खरंच. फक्त कुठली चिठ्ठी कुठल्या फांदीची, हे आता जगात कोणालाच ठाऊक नव्हतं.

शिट्टीबाई म्हणजे शाळेत तीस वर्षं कवायत शिकवून निवृत्त झालेल्या बाई. शिट्टी शाळेत परत करायची राहिली होती, ती अजून गळ्यात असे. चाफ्याचा खटाटोप त्यांनीच मांडला होता. दूरच्या एका रोपवाटिकेत नाना रंगांचा चाफा मिळतो असं कळलं. पण तो रोपवाटिकावाला चाळीस फांद्यांच्या खाली बोलायलाच तयार नव्हता. मग बाईंनी तीन बागवेडे गोळा केले. कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानाचे मालक चष्मेवाले, पलीकडच्या इमारतीतली दातांची डॉक्टरीण आणि बाईंचा एके काळचा विद्यार्थी असलेला शिंपी. प्रत्येकी दहा फांद्या. खोकं आलं तेव्हा त्यात बाकी सगळे रंग पुरेसे होते, पण काळपट लाल चाफ्याची फांदी एकच निघाली. माल संपला, असं रोपवाटिकावाल्यानं आत कागदावर लिहिलं होतं. त्या एका फांदीसाठी चौघांनी चिठ्ठ्या टाकल्या. ती डॉक्टरणीला गेली. चष्मेवाल्यांनी तिचं अभिनंदन केलं ते दातओठ खात, आणि शिंप्यानं केलंच नाही.

चाफ्याची फांदी तोडली की चीक वाहतो. ती दहा दिवस सावलीत सुकू द्यावी लागते, ओली लावली तर सडते. म्हणून सगळ्या फांद्या बाईंच्या हवेशीर व्हरांड्यात ठेवायच्या आणि दहाव्या दिवशी वाटायच्या, असं ठरलं. प्रत्येकीला रंग आणि मालकाचं नाव लिहिलेली चिठ्ठी बाईंनी स्वतः बांधली. त्यानंतर जो तो 'जरा बघून जातो' म्हणत रोज येऊ लागला. फांदीत बघण्यासारखं काय असतं? तरी येत, उकिडवे बसत, आणि वर चहा घेत. बाईंचं डोकं आधीच तापलेलं होतं, त्यात सहाव्या दिवशी हे.

बाई वन्संना बोलल्या ते सगळं इथे सांगण्यात अर्थ नाही. ओल्या फडक्यापासून सुरुवात झाली आणि अकरा वर्षांतली कुठलीच गोष्ट सुटली नाही. वन्सं ऐकत उभ्या राहिल्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "बरं," आणि आत गेल्या. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं.

यजमान छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्तीनंतरही वर्तमानपत्र वाचताना चुकांखाली रेघा ओढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मान वर न करता ते म्हणाले, की चिठ्ठ्या कशाही बांधून टाक. फुलं यायला वर्ष-दोन वर्षं लागतात, तोवर कोण कुठे असेल. बाईंनी त्यांनाही फैलावर घेतलं. शर्यतीत पाऊल रेषेपुढे पडलं म्हणून सख्ख्या भाचीला बाद करणाऱ्या बाई त्या. त्यांनी खोट्या चिठ्ठ्या बांधायच्या?

दुपारी त्यांनी बांधल्या. फांद्या आडव्या मांडून, डबीतून हाताला येईल ती चिठ्ठी. काळपट लाल एका वाकड्या फांदीला गेली.

त्यानंतरचे चार दिवस बाई ज्याच्या त्याच्यावर उखडत होत्या. दूधवाल्याला पातळ दुधावरून, शेजाऱ्यांना वाळत घातलेल्या चादरीवरून, यजमानांना रेघा ओढताना पेन्सिल वाजते यावरून. खरा राग स्वतःचा होता आणि तो काढायला जागा नव्हती. वन्सं समोरून गेल्या की तो दुप्पट होई, कारण त्या काहीच बोलत नव्हत्या.

दहाव्या दिवशी सकाळी तिघंही आले. बाईंनी दहा-दहाच्या जुड्या तयार ठेवल्या होत्या, म्हणजे कोणी रेंगाळायला नको. डॉक्टरणीनं आपली जुडी न बघताच पिशवीत घातली. चष्मेवाल्यांनी पिवळ्या रंगाची चिठ्ठी शोधली आणि ती फांदी बराच वेळ हातात धरून बसले. शिंपी मात्र एकेक फांदी उलटीपालटी करून बुडाशी निरखून पाहू लागला. दहा झाल्या. मग त्यानं चष्मेवाल्यांची जुडी ओढली. मग डॉक्टरणीच्या पिशवीत हात घातला.

याला कळलं, असं बाईंना वाटलं. चार दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"शोधू नकोस," बाई कडाडल्या. "काही सापडायचं नाही. चिठ्ठ्या सुटल्या होत्या. मी मनानंच बांधल्या. कुठली काय आहे ते मलाही माहीत नाही."

शिंप्याचा चेहरा लालबुंद झाला. तो म्हणाला, की बाई, असं कसं केलंत तुम्ही, तिसऱ्या दिवशी केवढ्या मुश्किलीनं मी तिला टाचणीनं तीन भोकं पाडून ठेवली होती, ती पुसून बुजली असतील तर माझी काळी-लाल फांदी मी आता ओळखायची कशी?

"तुझी?" डॉक्टरीण म्हणाली.

शिंपी पिशवीतून हात काढू लागला. पण आता उशीर झाला होता. बाईंनी त्याला शाळेतल्यासारखं समोर उभं केलं आणि त्यानं जमिनीकडे बघत सांगितलं, की बाई चहा आणायला आत गेल्या तेव्हा त्यानं काळपट लाल फांदीची चिठ्ठी आपल्या गुलाबीला बांधली होती आणि गुलाबीची तिला.

हे ऐकून बाई भडकल्या, पण त्यांच्याआधी चष्मेवाले भडकले. विश्वास म्हणून काही राहिला नाही, माणसानं किती खाली उतरावं, असं ते तावातावानं बोलत सुटले. बोलता बोलता म्हणाले, "म्हणजे चौथ्या दिवशी मी माझ्या पिवळीची चिठ्ठी बांधली ती याच्या गुलाबीला?" आणि मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आता दोघं एकमेकांना चोर म्हणू लागले. दोघांचंही बरोबर असल्यामुळे भांडण संपेना. चष्मेवाल्यांनी शिंप्याला तीन वर्षांपूर्वीच्या आखूड पायजम्याची आठवण दिली. शिंप्यानं त्यांच्या चष्म्यानं आपल्या आईला डोकेदुखी लागल्याचं काढलं. बाई दोघांवर एकत्र ओरडत होत्या. चार दिवस मी मेल्याहून मेल्यासारखी झाले आणि तुम्ही माझाच चहा पिऊन हे धंदे केलेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

डॉक्टरीण तेवढी शांत होती. ती दात काढताना बोलते त्या आवाजात म्हणाली, "भांडू नका. ती फांदी काळपट लाल नव्हतीच."

तिघं तिच्याकडे वळले.

डॉक्टरीण म्हणाली, की चिठ्ठी माझी निघाली तेव्हाच या दोघांचे चेहरे मी पाहिले होते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी मी माझी फांदी ओढणीखालून घरी नेली आणि तिच्या जागी दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरच्या पांढऱ्या चाफ्याची एक फांदी ठेवली. माझीच फांदी मी नेली, त्यात चोरी कसली?

चष्मेवाले आणि शिंपी एकमेकांकडे बघत राहिले. रस्त्यावरच्या फांदीसाठी आपण सगळं घालवलं, हे दोघांच्या ध्यानात साधारण एकाच वेळी आलं.

"मग खरी कुठाय?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरणीचा आवाज पहिल्यांदाच खाली गेला. "सडली. बाहेर वाळत ठेवली असती तर कोणी बघितली असती. म्हणून लगेच कुंडीत लावली. काल हात लावला तर भिजलेल्या पावासारखी लागली."

यावर हळहळावं की हसावं हे कळायच्या आत चष्मेवाले म्हणाले, की खरं तर बाईंनी व्हरांड्याला कुलूप लावायला हवं होतं, म्हणजे हे काही झालंच नसतं. शिंप्यानं मान डोलावली. डॉक्टरीणही म्हणाली, की तसं म्हटलं तर जबाबदारी बाईंचीच होती.

बाईंनी शिट्टी फुंकली. शिंपी सवयीनं ताठ झाला, आणि त्याच्याकडे बघून बाकीचे दोघेही. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या तोडल्या, प्रत्येकाच्या हातात मोजून दहा फांद्या दिल्या आणि दार दाखवलं. कोणी रंग विचारला नाही.

घर शांत झालं. रागावण्यासारखं माणूस उरलं नाही, तेव्हा बाईंना वन्सं आठवल्या. त्या स्वयंपाकघरात डबे पुसत होत्या. बाई दारात उभ्या राहिल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे ती रागातच निघाली. "तुम्ही मला त्या दिवशी उलट का नाही बोललात? चूक एकट्या तुमची होती का? सांगितलं होतं का कोणी तुम्हाला, त्या चिठ्ठ्या कसल्या आहेत ते?"

वन्संनी डब्याचं झाकण लावलं. "नव्हतं सांगितलं," त्या म्हणाल्या. मग डबा फळीवर ठेवत, "त्यातली एक मला देशील? लावीन म्हणते."

अकरा वर्षांत वन्संनी या घरात काही मागितल्याचं बाईंना आठवेना. त्यांनी दहाच्या दहा पुढे केल्या. वन्संनी सगळ्यात बुटकी घेतली. कुठला रंग असेल सांगता येत नाही, असं बाई म्हणाल्या, तर वन्सं म्हणाल्या, फूल आलं की दिसेलच.

त्यांनी कुंडी स्वतः भरली. माती चाळून, खडे वेचून, कुंडीची कड फडक्यानं पुसून. मग फांदी खोचली ती शेंड्याकडून. तुटकं बूड वर आभाळाकडे. बाईंनी ओरडायला तोंड उघडलं. वन्सं दोन पावलं मागे सरून फांदीकडे कौतुकानं बघत होत्या. बाईंनी तोंड मिटलं आणि त्या आत निघून गेल्या.

दुपारी वन्सं आडव्या झाल्याची खात्री करून बाई चोरपावलांनी व्हरांड्यात आल्या. इकडेतिकडे पाहिलं. फांदी उपटली, सुलटी केली, पुन्हा खोचली, माती होती तशी दाबली. हाताचे ठसेदेखील बोटानं मोडले. उठून वळतात तर खिडकीत वन्सं उभ्या.

"झाली का सरळ?" वन्संनी विचारलं. "लावल्यावर मला वाटलंच होतं, उलटी गेली म्हणून. पण म्हटलं, विचारलं तर रागावशील."

"मी कशाला रागावेन?" बाई म्हणाल्या, ते एवढ्या मोठ्यांदा, की आतून वर्तमानपत्र खाली ठेवल्याचा आवाज आला आणि यजमानांनी विचारलं, "आता काय झालं?"