उतरायचं ते दुसऱ्या भागात

खडकाच्या माथ्यावर बसून बाइंडरांनी पान उलटलं आणि पुढे पुस्तकच नव्हतं. पुढे होतं ते निळ्या लहरींच्या कागदाचं अस्तर, त्यांनीच परवा चिकटवलेलं, एक सुरकुती नसलेलं. कौतुकाने पाहावं असं काम, पण ही वेळ कौतुकाची नव्हती. अस्तराआधीची शेवटची ओळ अशी होती: ‘येथवर चढण्याची कला सांगितली. आता उतरण्याचा विचार करू.’

दोष द्यायचा कोणाला? रानोमाळ हिंडून शरीर कसं कमवावं हे शिकवणारं ते पुस्तक वाचनालयातून आलं तेव्हा उशीएवढं जाड होतं नि मधोमध फाटलेलं. त्याचे दोन भाग बांधावेत ही कल्पना बाइंडरांचीच. जन्मभर त्यांनी पुस्तकं शिवली, वाचलं एकही नाही. ह्याने मात्र त्यांना धरून ठेवलं. डॉक्टर सांगून दमले होते, बायको बोलून दमली होती, तिथे छापील अक्षराने काम केलं. बाइंडर सकाळी गल्लीला फेऱ्या मारू लागले. कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. आणि आज दुपारी वाळलेला पहिला भाग सदऱ्यात खोचून ते गावाबाहेरच्या टेकडीवर आले, पुस्तकात सांगितलं होतं तसा एकेक हातपाय हलवत दोन पुरुष उंचीच्या खडकावर चढून बसले. दुसरा भाग घरी पुस्तकं दाबायच्या शिकंज्यात आवळलेला होता. त्याचा सरस अजून ओला होता.

त्यांनी एकदा खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवलं. पलीकडे तर नुसता कडाच होता. वारा सुटला होता. त्यात संध्याकाळी ग्रंथपालबाई काम बघायला येणार होत्या. हे पुस्तक नीट उतरलं तर वाचनालयाची सगळी कपाटं दुरुस्तीला बाइंडरांकडे यायची होती. आणि त्यांचं पुस्तक बाइंडरांच्या पोटावर घामेजत होतं.

त्यांनी घरी फोन लावला. बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. हसली असेल तर फोन बाजूला धरून हसली. मग म्हणाली, समोरचा रंगारी आहे, त्याला शिडी घेऊन पाठवते. बाइंडरांनी साफ नाही म्हटलं. रंगाऱ्याला कळलं की गल्लीला कळलं, आणि गल्लीला कळलं की वाचनालयाला.

"मग मी सांगते तसं करा. आधी तोंड फिरवा आणि..."

"अगं, तू कधी टेकडी चढलीस? तुझं नको. पुस्तकात काय लिहिलंय ते वाच."

"पुस्तक शिकंज्यात आहे ना?"

बाइंडरांनी डोळे मिटले. ओलं पुस्तक उघडलं तर पाठ वाकडी होणार, आणि नाही उघडलं तर स्वतःची मोडणार. "शिकंजा सैल कर," ते शेवटी म्हणाले, "पण अलगद. सुरुवातीची चारच पानं उघड."

बराच वेळ नुसती खुडबुड ऐकू येत राहिली. मग दाराची कडी वाजली, कोणीतरी आत आलं, खुर्ची सरकली. आवाज ग्रंथपालबाईंचा होता. बायकोने त्यांना बसा म्हटलं आणि ती फोनवर आली.

"ऐका. ‘तोंड खडकाकडे करावे, पाठ जगाकडे.’"

बाइंडरांनी फोनचा आवाज मोठा करून तो खिशात ठेवला आणि तोंड फिरवलं.

"‘पोट खडकाला टेकवावे. आहे त्याचा उपयोग करावा. मग उजवा पाय खाली सोडावा.’"

"सोडला. जागा लागत नाही गं." बोटं घामाने सरकत होती, पाय वाऱ्यावर लोंबत होता.

"पुढे काय?"

"पान उलटतेय."

"हळू उलट."

"‘जागा लागली नाही तर ओरडू नये, अंगठ्याने शोधावी. ती असतेच, जरा डावीकडे.’"

अंगठ्याने शोधलं. होती, जरा डावीकडे. बाइंडरांना लेखकाविषयी एकदम भक्ती वाटली. माणसाने जन्म डोंगरात काढल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

"‘आता डावा पाय. हाताची पकड एका वेळी एकच सोडावी. घाईने कोणाचं भलं झालेलं नाही.’"

"उडी मारू का? थोडंच राहिलंय."

"‘उडी मारू नये. वयाचा विचार करावा. आणि मध्येच वाद घालू नये.’"

"असं लिहिलंय?"

"ठळक अक्षरांत."

बाइंडरांनी वाद घातला नाही. पाय जमिनीला लागले तेव्हा ते तिथेच खाली बसले आणि सदऱ्यात खोचलेला पहिला भाग त्यांनी चाचपून पाहिला.

घरी आले ते मागच्या दाराने. पहिला भाग पुसून ठेवला. पुढच्या खोलीत ग्रंथपालबाई चहाचा कप तोंडाशी धरून बसल्या होत्या, पण पीत नव्हत्या, कपामागे त्यांचे खांदे हलत होते. बाइंडर तडक शिकंज्यापाशी गेले. मनाची तयारी केलेली होती. कपाटं गेली, नाव गेलं, जीव राहिला, हेही काही थोडं नाही.

शिकंजा सकाळी त्यांनी आवळला होता तसाच होता. मूठ तसूभरही हलली नव्हती. त्यांनी जोर लावून ती फिरवली, पुस्तक बाहेर काढलं. सरस वाळलेला, पाठ सरळ, नव्याने कापलेल्या पानांच्या कडा एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या. त्या पुस्तकात वारासुद्धा शिरलेला नव्हता.

त्यांनी बायकोकडे पाहिलं.

"मूठ फिरेना," ती हळूच म्हणाली. "आणि छापील असल्याशिवाय तुम्ही ऐकेनात. मग माळ्यावरून कागदाचे गठ्ठे घेऊन मी उतरते ना, तसंच सांगत गेले."

ग्रंथपालबाईंनी कप खाली ठेवला. दोन्ही भाग हातात घेऊन शिवण ओढून पाहिली, पाठीवरून बोट फिरवलं. सोमवारपासून कपाटं पाठवते म्हणाल्या. मग चष्म्यावरून बाइंडरांकडे बघत त्यांनी विचारलं, "बांधता बांधता वाचलंत की नाही पुस्तक?"

"पहिला भाग वाचला," बाइंडर म्हणाले. "दुसरा ऐकला."