खिळा तात्यांचा

ग्वाल्हेरला दाना ओली नावाच्या गल्लीतल्या तात्या मुळ्यांकडून चित्र विकत घेणं म्हणजे मुलगी मागायला जाण्यासारखं होतं. तुम्ही पसंत करून भागत नसे. तात्या हातोडी घेऊन तुमच्या घरी यायचे, भिंती तपासायचे आणि भिंत पसंत पडली तरच चित्र द्यायचे. "पहले भिंत, फिर छाप," हा त्यांचा कायदा.

मला त्यांचा शोध हजीरा मोहल्ल्यात लागला. आमच्या दफ्तरातल्या जोशांकडे बारशाला गेलो होतो. तिथे भिंतीवर टांग्याचा घोडा होता, काळ्या शाईतला, उभ्या उभ्या पेंगणारा, मागचा एक पाय सैल सोडलेला. पानातली जिलबी तशीच ठेवून मी त्याच्याकडे बघत बसलो. जोशी म्हणाले, "तात्या मुळ्यांचा आहे. हवा असेल तर आधी घराला चुना मारून घ्या." मला ती थट्टा वाटली.

तात्या पूर्वी दरबारी छापखान्यात लाकडी ठसे कोरायचे. संस्थान विलीन झालं, मध्यभारत राज्य आलं, छापखान्यात नवी यंत्रं आली आणि तात्या घरी बसले. घरी कसलं यंत्र? ठशाला शाई लावायची, वर कागद ठेवायचा आणि पितळी पळीच्या पाठीनं घासत बसायचं. पळी त्यांच्या वारलेल्या बायकोची होती.

रविवारी ते आमच्या खासगी बाजारातल्या बिऱ्हाडी आले. भिंतीला गाल लावून म्हणाले, "इथे सीलन आहे, ओल. घोड्याला सर्दी होईल." दुसरीकडे म्हणाले, "इथे चूल जवळ. आधीच काळा, त्याला आणखी किती काळा करणार?" दाराआड आमची ही पदर तोंडाला लावून हसत होती. शेवटी दारासमोरची भिंत पास झाली.

मग पिशवीतून सात घोडे निघाले. ठसा एकच, पण पळीचा हात दरवेळी निराळा पडलेला. "हा जागा आहे. हा आत्ताच झोपला. आणि ह्याला टांगेवाल्यानं शिवी दिलीय, बघा तोंड!" तात्या ओळख करून देत होते. आम्ही झोपलेला घेतला.

उत्साहानं हातोडी मीच घेतली आणि खिळा वाकडा ठोकला. तात्यांनी पकडीनं तो उपसला. "वाकड्या खिळ्यावर माझं चित्र राहत नाही!" दुसरा स्वतः ठोकला, सरळ. "चित्र तुमचं, खिळा माझा. घर बदललंत तर सांगायचं. नवी भिंत बघेन. नाही पटली, तर घोडा वापस." मी मान डोलावली. घर बदलायचा विचार तेव्हा कुणाच्या डोक्यात होता?

मग दर गुरुवारी तात्या 'घोडा बघायला' येऊ लागले. घोडा अर्धा मिनिट बघायचे आणि चहाला तासभर बसायचे. "सूनबाई, आज अद्रक कमी," म्हणून दुसरा कप मागायचे. ग्वाल्हेरभर त्यांची अशी चित्रं होती, त्यामुळे त्यांचा आठवडा भरलेला असायचा. म्हातारा चित्र एकदा विकतो आणि चहा जन्मभर वसूल करतो, असं मी चारचौघांत म्हणत असे.

पुढे मध्यभारतही गेला. राजधानी भोपाळला झाली, दफ्तरं बांधून निघाली. जोशी आधीच्या महिन्यात गेले, मग माझ्या तबादल्याचा हुकूम आला. हिचा पहिला प्रश्न, "घोड्याचं काय?" तात्या तो परत मागणार, ह्या धास्तीनं मी दोन दिवस त्यांना कळवलंच नाही. गुपचूप ट्रंकेत घालून न्यावा, असंही मनात आलं. ही भडकली. "त्यांना न सांगता? गुरुवारी ते येतील आणि दाराला कुलूप बघतील!" मग मुकाट्यानं जाऊन सांगून आलो.

तात्या आले. घोडा उतरवला, कागदात गुंडाळला आणि हिच्या हातात दिला. "भोपाळची भिंत मी कुठे बघणार? तुम्हीच बघा. सीलन नको, चूल नको." मग पकडीनं खिळा उपसून खिशात घातला आणि चहा न घेता गेले. एवढं चित्र सोडलं, पण खिळा काही सोडला नाही, म्हणून मी जरा चरफडलोच.

निघायच्या दिवशी नमस्कार करायला दाना ओलीत गेलो. तात्या आतल्या खोलीत होते. तिथे मी प्रथमच पाऊल टाकलं. समोरच्या भिंतीवर खिळेच खिळे होते आणि एकावरही चित्र नव्हतं. प्रत्येकाखाली पेन्सिलीनं बारीक अक्षरात नाव. एकाखाली होतं, 'जोशी, हजीरा, सोमवार'.

"तात्या, इथे काय टांगणार?"

"काही नाही. कुठल्या दिवशी कुणाकडे जायचो, ते विसरू नये म्हणून."

चहाबद्दल मी काय काय बोललो होतो ते आठवलं आणि मला माझीच लाज वाटली. तात्यांनी खिशातून आमचा खिळा काढला, हातोडी माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "तुम्हीच ठोका."

डोळे भरले होते. खिळा पुन्हा वाकडा बसला. उपसायला मी पकड उचलली, तर तात्यांनी माझा हात धरला.

"असू दे," ते म्हणाले. "हा वाकडाच असू दे. ओळखू येईल."