कॅसरोलचं पान

मार्नीनं फक्त एक पान उडवलं होतं. कर्लिंग म्हणजे बर्फावरून दगड घसरवायचा खेळ; त्याच्या क्लबच्या स्पर्धेत कुठला संघ कुणाशी, कधी खेळणार, याची एक फाइल होती. त्या फाइलीला आतून जोडलेली दुसरी फाइल होती, आणि तिच्यात 'कॅसरोल' नावाचं पान. कॅसरोल म्हणजे भट्टीत शिजवायचा पदार्थ; सामन्यांच्या वेळापत्रकात खाण्याचं काय काम? पान गेलं, आणि बत्तीस संघांच्या नावांच्या जागी बत्तीस वेळा '#रेफ!', म्हणजे संगणकाची 'दुवा तुटला' अशी बोंब, उगवलं.

स्पर्धा उद्या, शुक्रवारी. आज बारापर्यंत वेळापत्रकाचा कागद क्लबच्या दारावर लागला नाही, तर "पेनर होता तेव्हा असं नव्हतं" हे अख्खं गाव म्हणणार. ऑर्व्हिल पेनर बावीस वर्षं क्लबचा चिटणीस होता. मार्नीला पद मिळून अकरा दिवस झाले होते.

तिनं सूत्रं पुसून पुन्हा लिहिली. फाइल बंद करून उघडली. संगणकानं विचारलं, दुवे ताजे करू का? ती 'हो' म्हणाली, तर गेल्या वर्षीचं वेळापत्रकही '#रेफ!' झालं. शेवटी नाक मुठीत धरून तिनं ऑर्व्हिलला फोन लावला. तो गोठलेल्या तळ्याला भोक पाडून मासे धरत बसला होता.

"कॅसरोल उडवलंस?"

"अहो, मला वाटलं कुणाची तरी पाककृती असेल!"

"नसत्या ठिकाणी झाडू मारायला कुणी सांगितलं होतं तुला? कालची प्रत परत आण. आणि ते पान वाचत बसू नकोस!"

वाचू नको म्हटल्यावर कोण वाचणार नाही? प्रत परत आली, '#रेफ!' गेले, आणि मार्नीनं पान उघडलं. शुक्रवारच्या जेवणाला स्वयंपाकघरात राबणाऱ्या संघाचं नाव एका चौकटीत. खालच्या चौकटीत कायमचं 'पेनर'. सूत्र असं, की दीडशे ताटं वाढून झाली की राबणाऱ्यांनी तडक बर्फावर उतरायचं, तेही पेनरच्या संघाशी खेळायला. जोड्या टोपीतल्या चिठ्ठ्या उचलून ठरतात, असं हा गृहस्थ बावीस वर्षं गावाला सांगत होता!

गेल्या वर्षी पेरोगी, म्हणजे बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढून वाढून मार्नीचे हात गळून गेले होते, आणि मग तिचा संघ पेनरच्या संघाकडून नऊ-दोननं हरला होता. वर्षभर तिनं त्याचं खापर संघातल्या बिचाऱ्या नवऱ्यावर फोडलं. आता तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

फोन वाजला. "झालं का दुरुस्त?"

"झालं. तुमच्या सूत्राला बोटसुद्धा लावलं नाही."

खरंच लावलं नव्हतं. वरच्या चौकटीत तिनं 'पेनर' लिहिलं होतं आणि खालच्या चौकटीत स्वतःचं नाव.

"शाब्बास! उद्या भेटू मग."

"जरा लवकर या, ऑर्व्हिल," मार्नी म्हणाली. "दीडशे लोकांचे बटाटे सोलायचेत."